काचेच्या टाकीतला मुद्देमाल

मंगळवार, ७ जानेवारी

ही वही सासूबाईंनी दिली. रोज कचेरीतून आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी जी बडबड करते, ती आता त्यांच्या कानांना सोसत नाही. ‘तू बोलत राहतेस आणि माझी भाजी करपते. यापुढे जे काय ओकायचं ते हिच्यात ओक,’ म्हणाल्या आणि वही हातात कोंबली.

तर ओकते. आजपासून मी वन्यजीव आणि सागरी खात्याची सरकारी वकील. इतकी वर्षं मोटार अपघातांचे दावे चालवले. ब्रेकच्या खुणा, फुटलेले दिवे, खोटे साक्षीदार, यात माझा कोणी हात धरला नसता. आणि आता कासवं, मासे, शिंपले. नवऱ्याने विचारलं, ही बढती की शिक्षा? मलाच कळलेलं नाही तर त्याला काय सांगू?

कचेरी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला. शेजारी झेरॉक्सचं यंत्र दिवसभर घरघरतं. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली कोणीतरी जुन्या निकालाची घडी सारून ठेवली आहे. कारकूनबाई चहा देताना म्हणाल्या, साहेबांनीच तुमचं नाव घेऊन तुम्हाला मागून घेतलं. साहेब म्हणजे खात्याचे मुख्य वकील. निवृत्तीला आलेले. बोलताना सारखा चष्मा पुसतात आणि काहीही विचारलं की ‘बघू’ म्हणतात. मला काय ते उमगलं. त्यांना गुपचूप फायली सरकवणारं माणूस हवं असणार. मोटारींचे दावे चालवणारी बाई कासवावरून कशाला भांडेल, असा हिशेब.

गुरुवार, ९ जानेवारी

पहिलीच फाईल उघडली. आधी हसू आलं, मग अंगाची लाही लाही झाली.

किनाऱ्यावरच्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात, लॉबीमध्ये, भिंतभर काचेची टाकी आहे आणि तिच्यात एक समुद्री कासव आहे. मादी आहे, हॉटेलवाल्यांनी नाव ठेवलंय राणी. या जातीचं कासव पकडणं गुन्हा, ठेवणंही गुन्हा. तक्रार झाली, आमच्या खात्याची माणसं गेली, पंचनामा झाला, कासव जप्त झालं. इथपर्यंत छान. पण जप्त केलेलं कासव ठेवायचं कुठे? बंदूक किंवा कातडं असतं तर कपाटात टाकून कुलूप लावलं असतं. खात्याकडे साधा हौद नाही. मग कोणा महाभागाने नियमावर बोट ठेवून सुपूर्दनामा करून घेतला. म्हणजे खटला संपेपर्यंत मुद्देमाल नीट सांभाळीन, कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन, असं लिहून घेऊन माल कोणाच्या तरी ताब्यात द्यायचा. आणि दिला कोणाच्या ताब्यात? आरोपीच्या. त्या हॉटेलमालकाच्याच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या या.

झालं असं की खटला उभा आहे आणि कासव जिथल्या तिथे आहे. पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढतात, आणि आता हे सगळं न्यायालयाच्या आशीर्वादाने चाललंय. खटला जितका लांबेल तितकं मालकाचं भलं. त्याचे वकील दर खेपेला नवी तारीख मागून घेतात. कोर्टात सगळे त्यांना तारखेकर म्हणतात, तोंडावर सुद्धा, आणि ते मिशीत हसतात.

मी फाईल घेऊन तरातरा साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, फाईल वाचून कासव कळत नाही, जाऊन बघून या. टाळलं मला, दुसरं काय.

शुक्रवार, १७ जानेवारी

गेले बघायला. बरोबर आमच्या खात्याची जनावरांची डॉक्टर होती. माझ्याहून बरीच लहान आहे आणि तोंडाने फटकळ, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

टाकी तीन बाजूंनी भिंतीत आहे. समोर जमिनीपासून छतापर्यंत जाड काच. आत प्लास्टिकची पोवळी, वर निळे दिवे. छतात एक लहानशी खिडकी आहे, तिच्यातून वरच्या बोळातला नोकर हात खाली घालून पालेभाजी टाकतो. राणी एवढी मोठी की माझ्या कवेत येणार नाही. चार हात मारते, तिचं नाक काचेला लागतं, वळते. पुन्हा चार हात, पुन्हा काच. नाकावर पांढरा घट्टा पडला आहे. मी पाहत होते तेवढ्या वेळात तिने दुसरं काहीही केलं नाही.

डॉक्टरने सांगितलं की ऊन नाही म्हणून पाठ मऊ पडत चालली आहे, आणि ती एका अंगावर कलून तरंगते तेही लक्षण वाईट. ‘आणखी एक उन्हाळा हिने या दिव्यांखाली काढला, तर पुढच्याला असेलच असं मी लिहून देणार नाही,’ ती म्हणाली.

तेवढ्यात मालक आले. पांढरा स्वच्छ शर्ट, आवाज मऊ. आमच्यासाठी चहा मागवला, मी घेतला नाही. म्हणाले, मला मुलीसारखी आहे हो ही. त्यांनी काचेवर तळवा टेकला आणि राणी सरळ त्या तळव्याकडे आली. ती आली याचा मला फार राग आला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज अर्ज केला. न्यायाधीशांसमोर राणीचे फोटो घ्या, मापं घ्या, रक्ताचा नमुना घ्या, पंचनामा करा, आणि खटला संपायची वाट न बघता तिला टाकीतून हलवा. माझ्या मते यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

तारखेकर उठले. म्हणाले, हा मुद्देमाल नाहीसा करण्याचा डाव आहे. माझ्या अशिलाकडे कागद आहेत. परदेशातल्या परवाना असलेल्या मत्स्यालयातून, बंदीचा कायदा यायच्या आधी, पूर्ण वाढलेली मादी रीतसर विकत घेतलेली आहे. हे जनावर मत्स्यालयातच वाढलं, त्याला बुडी मारायचं ठाऊक नाही, समुद्रात टाकाल तर आठवड्यात मरेल. मग माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाले, सरकारी वकीलबाईंना कासव वाचवायचं आहे की मारायचं? लोक हसले. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून घ्यायची मला सवय आहे, पण हे लागलं.

न्यायाधीशांनी अर्ज बाजूला ठेवला. मालकी कोणाची ते आधी ठरू दे, साक्षी मार्चमध्ये घेऊ. मालक स्वतः साक्षीदार म्हणून उभे राहणार आहेत म्हणे.

घरी आले तेव्हा नवरा म्हणाला, रडतेस का? मी म्हटलं, कांदा चिरतेय. सासूबाईंनी बघितलं तर विळीवर वांगं होतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

खरं लिहायचं तर मी घाबरले आहे. ते कागद खोटे आहेत हे मला आतून ठाऊक आहे, पण आतून ठाऊक असण्याला कोर्टात काही किंमत नाही. परदेशातलं ते मत्स्यालय कधीच बंद पडलं. पत्रं पाठवली, कोणी उत्तर देत नाही. कागदावर शिक्का आहे, सही आहे, पूर्ण वाढलेली मादी असं लिहिलेलं आहे. मी काय म्हणणार, मला संशय येतो?

आणि तारखेकरांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. मी जिंकले, राणी समुद्रात गेली आणि खरंच मेली तर? डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, हमी नाही, पण टाकीत मरणार याची आहे. एवढ्यावरच उभी आहे मी.

साहेबांना सांगायला गेले की मला जमेल असं वाटत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यापुढे मोटार अपघाताचा एक जुना दावा टाकला. माझाच होता. त्यात मी ट्रकच्या मालकाला त्याच्या गाडीचं कौतुक करायला लावून त्याच्याच तोंडून सगळं काढून घेतलं होतं. म्हणाले, कपाट आवरताना सापडला, तुमचा असेल तर घेऊन जा. मी इथे जिवाच्या आकांताने बोलतेय आणि हा माणूस कपाट आवरतोय!

शुक्रवार, ७ मार्च

बदलीचा आदेश आला.

महसुलाचे दावे चालवायला मला अशा गावी पाठवत आहेत जिथे समुद्र सोडाच, धड तळंही नाही. साक्षी तोंडावर आल्या असताना. मालकाची वरपर्यंत ऊठबस आहे हे कचेरीतल्या मांजरालाही माहीत आहे. मी गेले की नवीन वकील येणार, तो फाईल वाचायला वेळ मागणार, तारखेकर आनंदाने देणार, आणि उन्हाळा निघून जाणार. राणीचं काय होईल ते मला वेगळं सांगायला नको.

साहेबांसमोर आदेश आपटला. वाटलं, आता तरी हा माणूस वर फोन करील, दोन शब्द माझ्या बाजूने बोलेल. त्यांनी आदेश वाचला, चष्मा पुसला. म्हणाले, कार्यमुक्तीच्या कागदावर माझी सही झाली की तुम्ही मोकळ्या. कागद ठेवून जा, बघू.

इतकं मवाळ माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

साहेबांनी माझा कार्यमुक्तीचा कागद हरवला! कारकूनबाईंनी तीन टेबलं पालथी घातली. साहेब म्हणतात, इथेच कुठेतरी होता. आता नवीन नमुना वरून मागवायचा, तो यायला वेळ लागणार, आणि तोवर मी इथेच अडकून. मी त्यांना म्हटलं की मला जायचंच असेल तर झटक्यात जाऊ दे, हे लटकवणं नको. ते म्हणाले, माझं वय झालं आता, वस्तू सापडत नाहीत. ज्याला साधा एक कागद सांभाळता येत नाही त्याच्या हाताखाली आम्ही समुद्र सांभाळायचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

नवरा गालातल्या गालात हसत होता. कारण विचारलं तर सांगेना.

शनिवार, १५ मार्च

सापडलं! क्रमाने लिहिते.

कधी ना कधी जायचंच आहे म्हणून नवऱ्याने आज सामान नेणाऱ्यांना घर दाखवायला बोलावलं. सगळ्याला हो म्हणत म्हणत ते आमच्या पलंगापाशी आले. आडवा धरला, उभा धरला, तिरका केला. दारातून निघेना. दोघे घामाघूम झाले. एकाने विचारलं, मग आणलात कसा आत? नवरा डोकं खाजवायला लागला. सासूबाईंना बरोबर आठवलं की तो आणलेलाच नाही, सुताराने लाकूड आणून याच खोलीत बांधला होता.

मी तिथेच पलंगावर बसले. सगळ्यांना वाटलं मला चक्कर आली. मला ती छतातली खिडकी दिसत होती. हात खाली घालून पालेभाजी टाकायची खिडकी. तीन बाजूंना भिंत, पुढे काच. पूर्ण वाढलेली, कवेत न मावणारी मादी विकत घेतली म्हणे. घेतली असेल, पण मग ती आत गेली कुठून?

नवऱ्याला विचारलं, आपल्याकडे टेप कुठे आहे. तो म्हणाला, पलंग मोजून लहान होणार आहे का?

रविवार, १६ मार्च

सासूबाईंना घेऊन हॉटेलात चहा प्यायला गेले, सुनेने सासूला फिरायला आणल्यासारखी. सासूबाईंनी एकीकडे चहाला नावं ठेवली आणि दुसरीकडे मॅनेजरला टाकीबद्दल इतके प्रश्न विचारले की मला तोंड उघडावंच लागलं नाही. काच बाहेरून आणलेली, एकच सलग, भिंत तिच्याभोवती बांधलेली, कुठे सांधा नाही. वरच्या खिडकीत खाणं टाकणाऱ्या नोकराचा खांदा अडकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

परत येताना म्हणाल्या, बिचारी नुसती येरझाऱ्या घालते गं.

सोमवार, २४ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवणार आहे, एक शब्द सोडणार नाही.

मालक साक्षीला उभे राहिले. तारखेकरांनी त्यांच्याकडून कागद दाखवून घेतले, खरेदी सांगून घेतली, प्रेम सांगून घेतलं. मग उलटतपासणीसाठी मी उठले आणि कागदांना हातच लावला नाही. टाकीचं कौतुक सुरू केलं. म्हटलं, एवढी सुंदर टाकी मी कुठे पाहिली नाही. ती जोडकाचेची आहे का?

मालक दुखावल्यासारखे झाले. छे, सलग काच आहे! हॉटेलच्या उद्घाटनाच्या आधी बसवली. मी म्हटलं, मग मध्ये कधी दुरुस्तीला काढली असेल. म्हणाले, एकदा बसवली ती बसवली, आजवर हललेली नाही, भिंत फोडल्याशिवाय हलणारही नाही. असं काम दुसरीकडे दाखवा. मी म्हटलं, आणि वरची ती खिडकी नंतर लहान केली असेल ना? नाही, तीही पहिल्यापासून तेवढीच. केवढी? त्यांनी दोन्ही हात समोर धरून दाखवली. मी न्यायाधीशांना विनंती केली की साक्षीदाराने हाताने दाखवलेलं माप नोंदवून घ्यावं. ते त्यांनी नोंदवलं. तारखेकर खाली मान घालून डायरीत पुढची सोयीची तारीख शोधत होते.

मग विचारलं, राणी आली ती उद्घाटनानंतर? हो. तेव्हा टाकी अशीच होती? हो, अशीच. आणि कागदाप्रमाणे ती तेव्हाच पूर्ण वाढलेली होती? हो.

“मग तिला आत घातलं कसं?”

तारखेकरांनी डायरीतून मान वर केली आणि उठून म्हणाले की प्रश्न नीट समजत नाही. न्यायाधीश म्हणाले, “मला समजला आहे. साक्षीदाराने उत्तर द्यावं.”

मालकांचे हात अजून हवेतच होते, खिडकीचं माप धरलेले. त्यांनी त्या हातांकडे पाहिलं. एकदा म्हणाले, काच काढली असेल. मग स्वतःच थांबले, कारण नाही म्हणून आत्ताच सांगितलं होतं. म्हणाले, आठवत नाही. माझी जीभ वळवळत होती, पण दाताखाली धरली. आणि मग त्यांचे ते हात हळूहळू जवळ आले, त्यांची ओंजळ झाली, आणि चेहरा एकदम मऊ पडला.

“तेव्हा ती एवढीशी होती,” ते म्हणाले. “ओंजळीत मावायची.”

तारखेकर खाली बसले. न्यायाधीशांनी लिहिलं, आणि लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना ऐकल्यावर आपण काय बोलून बसलो ते मालकांना कळलं. म्हणजे कागदावरचं पूर्ण वाढलेलं कासव वेगळं, असलंच तर. ही राणी म्हणजे किनाऱ्यावरून उचललेलं, बोटभर लांबीचं पिल्लू.

सवयीप्रमाणे तारखेकरांनी तारीख मागितली. न्यायाधीशांनी डायरीसुद्धा उघडली नाही. म्हणाले, आज दुपारची देतो, टाकीपाशी. दुपारी सगळं कोर्ट हॉटेलच्या लॉबीत! न्यायाधीशांनी स्वतः शिडीने वरच्या बोळात चढून ती खिडकी मोजली. शिरस्तेदार शिडी धरून उभे होते आणि त्यांचा जीव वर टांगलेला होता. खाली राणी येरझाऱ्या घालत होती.

घरी येऊन मी नाचले. खरंच नाचले. सासूबाई म्हणाल्या, वयाचं भान ठेव, आणि स्वतः टाळ्या वाजवत राहिल्या.

मंगळवार, १ एप्रिल

जिंकलो! मालक दोषी. सुपूर्दनामा रद्द. मुद्देमाल तातडीने खात्याच्या ताब्यात, त्यासाठी काच किंवा भिंत जे फोडावं लागेल ते मालकाच्या खर्चाने फोडायचं, आणि डॉक्टरने योग्य ठरवल्यावर समुद्रात सोडायचं. यापुढे जिवंत मुद्देमाल आरोपीच्या ताब्यात देऊ नये, असंही निकालात आलं. हे वाक्य मी चार वेळा वाचलं.

तारखेकरांनी बाहेर येऊन हात मिळवला. म्हणाले, बाई, हा खटला नातवाला वारशाने द्यायचा विचार होता, तुम्ही पाणी फिरवलंत. माणूस वाईट नाही, फक्त कॅलेंडर त्याच्या अंगात आहे.

साहेब नुसतं ‘बरं झालं’ म्हणाले. बदलीच्या कागदाचा नवीन नमुना आला आहे, पण आता खात्याचा शिक्का दुरुस्तीला गेलाय म्हणे. शिक्का दुरुस्तीला! रबराचा तो. या कचेरीचा कारभार कोणाला सांगितला तर खोटं वाटेल.

शनिवार, १२ एप्रिल

काच काढली. लॉबी रिकामी केली, पाणी उतरवलं, कारागिरांनी एक कड कापली, आणि चादरीएवढ्या ओल्या कापडात गुंडाळून आठ जणांनी राणीला उचललं. बाहेर ऊन होतं. पाठीवर ऊन पडताच तिने मान ताणून बाहेर काढली आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला की उचलणारा एक जण दचकला.

मालक दाराशी उभे होते. आले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ढसाढसा रडले. मला वाटलं, चाललं नाटक. पण आमच्याखेरीज बघणारं कोणी नव्हतं, त्यांची माणसंही आत होती. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी विचारलं, तिला पालेभाजी बारीक करून देणार ना? मी हो म्हटलं. ज्याने एवढी माया केली त्याला ती नाक आपटते ते कसं दिसलं नसेल?

रविवार, ४ मे

राणीला आता खाडीत जाळी लावून केलेल्या मोठ्या हौदात ठेवलं आहे. रोज कोर्ट सुटल्यावर जाते. आणि रोज तेच. एवढी जागा असून ती चार हात मारते आणि वळते. तिथे काच नाही, काहीही नाही, तरी वळते. अजून कलून तरंगते. बुडी नाही.

तारखेकर खरं बोलले असतील तर? मी खटला जिंकले आणि एका जिवाला देशोधडीला लावलं, असं तर झालं नाही? नवऱ्यावर उगीच ओरडले. तो बिचारा म्हणाला, तिने आयुष्यात पहिल्यांदा सूर्य बघितलाय, तू तिला तारखा देऊ नकोस.

शुक्रवार, २३ मे

डॉक्टरचा फोन आला, धावत गेले. राणी सरळ तरंगतेय! पाठ घट्ट होते आहे. आणि आज तिने हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न वळता पोहून दाखवलं, मग तळाशी गेली आणि तिथलं गवत ओरबाडून खाल्लं. वर आली तेव्हा तोंडातून हिरवं लोंबत होतं. डॉक्टरने आणि मी एकमेकींना मिठ्या मारल्या, दोघी चिखलाने माखलो. एक तारखेला सोडायचं ठरलं.

कचेरीत सांगितलं तेव्हा साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की एक तारीख ना? मग कारकूनबाईंना म्हणाले, दोन तारखेपर्यंत शिक्का येईल बहुतेक.

म्हणजे दोनला मला जावं लागणार. जाईन. तळं नसलेल्या गावातही कोणीतरी काहीतरी कोंडून ठेवलेलं असेलच.

रविवार, १ जून

सकाळी सगळे किनाऱ्यावर. मी, नवरा, सासूबाई, डॉक्टर, खात्याची माणसं. साहेब आले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्या आधी पाण्यात शिरले. सुटीच्या दिवशी, न बोलावता! वर मला म्हणतात, तुम्हाला मागून घेतलं तेव्हा सगळे मला वेड्यात काढत होते. मी म्हटलं, मग कशाला मागितलंत? ते हसले आणि राणीच्या मागच्या बाजूला हात लावायला गेले. हा माणूस मला शेवटपर्यंत कळला नाही.

आम्ही तिला ओल्या वाळूवर ठेवलं. पहिली लाट आली, तिच्या तोंडावर फुटली, आणि ती तशीच बसून राहिली. दुसरी आली. मी मनात म्हटलं, जा गं, आता जा. तिसऱ्या लाटेने तिला उचललं. ती दोन हातांनी रेटत पुढे गेली, पाणी मांडीपर्यंत, कमरेपर्यंत, मी तिच्या मागोमाग चालत होते, कपड्यांची पर्वा नव्हती. मग तिने डोकं खाली घातलं आणि गेली.

आम्ही सगळे ती वर येण्याची वाट बघत उभे. सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. लांब, मी बघत होते त्याच्या कितीतरी पलीकडे, एक डोकं वर आलं, श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेलं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण नवरा म्हणतो की अर्ध्या किनाऱ्याने ऐकलं.

त्यानंतर ती दिसली नाही. आम्ही बराच वेळ उभे होतो, कोणी इथे बोट दाखवायचं, कोणी तिथे, आणि ती लाटच निघायची. शेवटी डॉक्टर म्हणाली, चला, आता काही दिसायची नाही. दिसू नये म्हणूनच तर एवढं भांडलात ना?

बाकीचे निघाले. मी मागे राहिले. समोर नुसतं पाणी होतं, त्यात काहीही नव्हतं, आणि ते मी पोटभर बघून घेतलं.